ज्याला मान्य, त्यानं गप्प राहावं

नवायार्डच्या विहारात त्या दिवशी
एकशे चाळीस चिवरं उतरली.
लडाखची, आसामची, नागपूरची तर डबा भरून.
दारात चपलांइतकेच मोबाइलचे चार्जर.
मी मागं मोरीपाशी तुरीची डाळ निवडत.
आमच्या पुंडलिकाची थोरली बहीण मी,
पण तिथं तसं म्हणायचं नसतं.
तिथं तो भदंत सुमनतिस्स, अडतीस वर्षावासांचा,
आणि मी एक उपासिका, मीठ जपून टाकणारी.

महानायक चैत्रात गेले.
मागं राहिली एक गाडी, दोन शिक्के,
दोन शिक्क्यांची एक कोर्टकेस
आणि एक खुर्ची, हातांना वाघाचे पंजे कोरलेली.
भिक्खूंच्या खुर्चीला वाघाचे पंजे!
कुणीतरी दान दिलेली, नाही कसं म्हणणार.
विश्वामित्रीच्या काठी मगर पडून असते ना, ऊन खात,
तशी ती मधोमध पडून होती सकाळपासून.

नागपूरकडचे धम्मकेतू, लखनौकडचे ञाणवंस.
भांडण इतक्या हळू आवाजात,
इतकं हात जोडून चाललेलं,
की नातसुनेला वाटलं, परित्राणपाठ चालू आहे.

मग लडाखचे म्हातारे भंते उठले.
म्हणाले, दोघंही नकोत. सुमनतिस्स.
त्यांचं कुणाशी वैर नाही.

वैर कुठून असणार?
सहा वर्षं झाली, त्याला कुणाचं ऐकूच येत नाही.
प्रतापनगरला छोट्या गाडीचे सांधे बदलायचा,
तेव्हाची एक शिट्टी डाव्या कानात अजून वाजते.
उजव्यात मशीन.
मशिनीचा सेल त्या दिवशी सकाळीच संपलेला.
नवे मी रावपुऱ्यातून आणले होते, दोन,
शर्टाच्या बटणाएवढे,
पदराच्या गाठीत.

संघानं ऐकावं, असं म्हणून ठराव वाचला.
ज्याला मान्य, त्यानं गप्प राहावं,
ज्याला अमान्य, त्यानं बोलावं.
एकदा. पंखा ऐकू आला.
दुसऱ्यांदा. धम्मकेतू खोकले, नुसतेच खोकले.
तिसऱ्यांदा लांबून एक मालगाडी गेली,
डबे मोजता आले असते इतकी शांतता.
तोही गप्प.
खिडकीबाहेर नळाखालची बादली भरून वाहत होती,
तिकडे बघत.

मी उंबऱ्यात. हात गाठीवर.
एवढंच म्हणायचं होतं, भंते, मशीन बंद आहे त्यांचं.

अडतीस वर्षांपूर्वी असंच विचारलं होतं,
आईची परवानगी आहे का?
आई भिंतीला टेकून बसलेली. गप्प.
मीच म्हणाले, आहे, आईचं हो आहे.
आई त्यानंतर दोन महिने कुणाशी बोलली नाही,
तेव्हा मला कळलं ते हो कसलं होतं.

साधु, साधु, साधु.
सगळ्यांनी हात जोडले म्हणून त्यानंही जोडले.
मग धरून नेलं, बसवलं.
पंज्यांवर त्यानं हात ठेवले नाहीत,
मांडीवर ठेवले,
दुसऱ्याच्या घरी बसतो तसे.

संध्याकाळी पाहुणे सेव-उसळीवर असताना
मी सेल घातला. मशीन चिरकली.
"काय ठरलं गं, अक्का?"
अडतीस वर्षांत पहिल्यांदा अक्का म्हणाला,
आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.
"कोण झालं?"
"तू."

हसेल असं वाटलं होतं. रागावेल, असंही.
त्यानं आपले तळवे बघितले,
जिथं सांध्याच्या दांड्याचे घट्टे होते, आता नाहीत.
"तुझ्याजवळ होते का गं सेल? तेव्हा?"

मी डाळीचं पातेलं उचललं.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
आता ऐकू येत होतं, तरी.
मग म्हणाला, गाडी सांध्यावर चढली
की दांडा हलवायचा नसतो, अक्का.
आत माणसं असतात.

आणि उठून बाहेर गेला,
बादलीचा नळ बंद करायला.