फ्रीज तरंगतो

फ्रीज तरंगतो, हे मला पन्नाशीत कळलं.
आधी डुलतो, मग आडवा होतो,
मग नेमका जाऊन अडकतो त्या दारात
ज्यातून आपल्याला बाहेर पडायचं असतं.
नळाला धार येते म्हणून रात्री दोनला उठणारे आम्ही,
त्या रात्रीही दोनलाच उठलो,
तर पाणी गादीला टेकलेलं.
तलाव ओसंडला होता. आणि नाग नदी,
जिला जन्मभर आम्ही नाला म्हणालो,
तिनं दार न वाजवता घरात येऊन
आपलं नाव दुरुस्त करून घेतलं.

तेव्हापासून दारामागे बॅग.
खाली नाही, खिळ्याला. माझ्या खांद्याच्या उंचीवर.
लेकाची शाळेतली, एक चेन गेलेली.
घराचे कागद दुहेरी पिशवीत, ह्यांच्या प्रेशरच्या गोळ्या,
टॉर्च, सेल उलटे घालून,
शंभराच्या सुट्या नोटा, कारण बुडत्या गल्लीत
पाचशेची मोड कुणी देत नाही,
आणि शिट्टी.
शिट्टीवर सगळे हसतात.
"किती शिट्ट्यांनी शिजते वहिनी?" निमजे भाऊजी विचारतात.
हसा बाप्पा.
त्या रात्री चार हाकांत माझा आवाज बसला होता,
आणि समोरच्या गच्चीवरच्यांना वाटलं,
गप्प आहे, म्हणजे बरी आहे.

चिवडा दर तीन महिन्यांनी बदलते.
जुना आम्ही चहासोबत खातो, जरा सादळलेला.
न आलेल्या संकटाची चव असते त्याला,
वाईट नसते.

वरच्या हेडाऊंची किल्ली माझ्याकडे, माझी त्यांच्याकडे.
मागच्या बुधाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना कोण उचलणार?
पोट्ट्यांनी ठरवलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं.
रविवारी तालीम केली.
तिसऱ्या पायरीवर खुर्चीचा पाय मोडला.
आता खुर्ची लाकडाची आहे,
आणि बुधाबाई तालमीला येत नाहीत.

मी पाण्याची वाट बघत बसले.
आलं ऊन.

नवतपाचा चौथा दिवस, दुपारचे सव्वादोन, लाइट गेलेली,
कूलर ओल्या गवताचा वास सोडून गप्प.
गेटशी पार्सलवाला पोरगा, गाडीसकट आडवा.
हात लावला तर तवा. घामाचा थेंब नाही.
माझ्याकडे बघून म्हणतो,
"आई, कडी लाव, वासरू बाहेर जाते."

बॅग ओढली खिळ्यावरून. दुसरी चेनही गेली.
पुरात कुडकुडू नये म्हणून ठेवलेली चादर
कूलरच्या टाकीत बुचकळून त्याच्यावर.
पावसाचं प्लास्टिक गेटला बांधून सावली.
वारा घालायला हाताशी आलं ते खरेदीखत,
वीस वर्षं हप्ते भरलेलं,
तेही एकदाचं कामी आलं.
शिट्टी फुंकली.
निमजे भाऊजी बनियनवर धावत आले,
हसले नाहीत.
अँब्युलन्स वळणावर दिसली तेव्हा
पोराला जराशी ओळख आली, जागेची,
आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला,
"पार्सल कुठं आहे?"

सुकेश कुमरे त्याचं नाव.
आठ दिवसांनी चादर धुऊन, घडी घालून घेऊन आला.
"काकू, बॅगेत काय काय असते, लिहून द्या न.
आमची वस्ती रुळाच्या तिकडं आहे."

लाइटच्या बिलामागे लिहायला बसले.
टॉर्च लिहिलं. चादर लिहिली. मीठ, साखर.
मग पेन थांबलं.
म्हटलं, आधी सांग,
तुझ्या घरची किल्ली कोणाकडे असते?
आणि तू चार दिवस दिसला नाहीस
तर पहिलं कोण विचारेल?

हेल्मेट हातात घेऊन
तो बराच वेळ दारात उभा होता,
बोटांवर नावं मोजत,
अंगठ्यापाशी अडून
पुन्हा करंगळीपासून.