रिकाम्या घरातला घोडा

ओउलू. दुपारी तीनलाच अंधार.
तूलिक्कीच्या इंजिनाने आज
रिकाम्या घरातून घोडा उचलला.

लॉगमधली एकच ओळ. ती बघत राहिली.

एक कोटी सदुसष्ट लाख कप्पे,
डाव त्याहून कितीतरी जास्त.
कधीतरी दोन अनोळखी पट
एकाच कप्प्यात उतरतात,
एकाची उत्तम खेळी
दुसऱ्याच्या हाती पडते.

कप्पा कारण ठेवत नाही.
या घरातून त्या घरात, इतकंच,
आणि किती खोल पाहिलं होतं तो आकडा.
पुन्हा गाठ पडली तर आधी हेच करून बघ.

बहुतेकदा खरंही ठरतं.
उंट आधी निघो की प्यादं,
पट तोच झाला
तर पुन्हा डोकं कशाला शिणवायचं?

तिने दोन ओळी वाढवल्या:
उचलण्याआधी बघ,
त्या घरात कुणी आहे का.
चाचण्या हिरव्या झाल्या.

मग बर्फातून नव्या फ्लॅटवर.
दारातच, बूट पायात असताना,
हात डावीकडच्या भिंतीवर गेला.
बटण तिथे ओस्मोच्या घरी होतं,
अकरा वर्षं.

इथे नुसती भिंत, गार.
हात काही वेळ
तिथेच.