खूर उमटलेली वीट

वाळवीचं वारूळ फोडलं आम्ही,
पुरुषभर उंच, लाल.
त्या मातीची वीट तडकत नाही
असं हामूंगा म्हणायचा.
नदी आटलेली. वाळूत खड्डा खणून
वाटी वाटी पाणी उपसलं
सात बायकांनी, अंधार असतानाच.

सिमेंट आणि पत्रे मात्र दूरदेशीच्या पैशांचे.
कालोमोहून ट्रक आला, पत्रे दोन हात आखूड.
परत गेले, परत आले.
तोवर माझ्या चिपेगोचा दात पडून नवा आला.

ओल्या विटांवरून शेळी चालत गेली होती.
"फेक ती," हामूंगा म्हणाला.
नाही फेकली.
एक वीट म्हणजे अर्धी बादली पाणी.

उद्घाटनाला पाहुणे आले,
घामेजलेले, भले लोक.
एक बाई तर फीत कापताना रडलीच.
त्यांच्या जेवणाला तीच शेळी कापली.
दाराशी गुळगुळीत पाटी, अकरा नावं आहेत म्हणे.
मी बोट फिरवून पाहिलं. गार लागलं.

मास्तर अजून यायचाय.
जिल्ह्याला कागद गेलाय, तीन महिने झाले.
फळा काळाभोर, कोरा.
पोरं तरी दुपारची आत जाऊन बसतात,
सावली आहे ना.

गिलाव्याला पैसे उरले नाहीत,
म्हणून ती वीट दिसते, खिडकीखाली.
काल चिपेगो तिथं उकिडवी बसली होती.
खुराच्या फाकांत बोटं घालून
धाकट्याला दरडावत होती,
"सांग, किती?"