खूतकोप

टॉवेलचा माल बघायला आला होता, तीन दिवसांसाठी.
चौथं वर्ष लागलं, माझ्या वरच्या खोल्यांत आहे.
नाव योस्त. गल्लीनं त्याचा योस्ताप्पा केला,
आणि तोही हाक मारली की ओ देतो.

भाडं मी सहा हजार सांगणार होते.
त्याचे बूट बघून तोंडातून बारा निघालं.
तो हसला, फोनवर कुणाला तरी म्हणाला, खूतकोप.
मला वाटलं शिवी दिली.
नंतर कळलं, त्यांच्या भाषेत 'स्वस्त'.
मग रात्रभर वीस, वीस, वीस.

तेव्हापासून हा शब्द जिन्यावरून घरंगळत येतो.
अशोक चौकातून दाढ भरून आला : खूतकोप.
शेंगाचटणी, कडक भाकरी, चष्म्याची काच,
धुणंभांडी करणारी रेणव्वा : खूतकोप, खूतकोप,
पत्र्यावर पारवा घुमावा तसा.

मौलालीच्या रिक्षात मात्र दहा रुपयांसाठी भांडतो.
"मला इथला रेट माहितीये," म्हणतो, मराठीत, चांगल्या मराठीत.
आणि गड्ड्याच्या जत्रेत फुगेवाल्याला
पाचशेची नोट तशीच देऊन येतो,
दिवसभर खूश.
मौलाली म्हणतो, "काय बे हे?
हक्काचं मागितलं की आम्ही चोर,
न मागता दिलं की ह्यो देव."

थंडीत त्याचे पाहुणे आले. गॅलरीत खुर्च्या मांडल्या.
एक बाई म्हणाली, तुम्ही इथे किती थोडक्यात सुखी असता.
विचारलं की सांगितलं, मला कळलं नाही.
तिनं माझ्या बोटांचा फोटो काढला :
चाळीस वर्षांची तंबाखू नखांच्या कडेला बसलेली,
कुठल्याच साबणाला दाद न देणारी.
मी म्हटलं, योस्ताप्पा, तिला सांग की
हजार विड्या वळल्या की किती मिळायचे.
तो तिच्याशी काहीतरी बोलला.
ती म्हणाली, चहा फार छान झालाय.

पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री दोनला.
त्याची टाकी मी भरते.
त्याला वाटतं, सोलापुरात पाणी असतंच.

राग धरणार होते.
पण राग धरायचा तर सगळाच हिशेब मांडावा लागतो,
आणि हिशेब मी अजून तेलुगूतच करते.
आजोबा करीमनगराकडून आले, मिलच्या भोंग्यामागं.
साहेब म्हणायचे, ह्यांना काय, आंबिलीवर भागतं.
हे घरात इतक्यांदा सांगितलं गेलं
की त्या साहेबाचा आवाज मला न ऐकता पाठ आहे.

आणि आमच्या जिन्याखालच्या खोलीत
ओडिशाची चार पोरं, यंत्रमागावरची.
एक पंखा. माणशी बाराशे.
सून विचारते, पाचवा ठेवू का?
"ठेव की," मी म्हणते, "त्यांना चालतंय."

आवाज ओळखीचा वाटला.
मी परत चपात्या लाटायला बसले.

मे महिन्यात मी तापानं फणफणले, नेमकी पाण्याची रात्र.
कुणी उठलं नाही.
सकाळी वरचा नळ नुसता खाकरला.
दुपारी त्रेचाळीस. तो खाली आला
आमच्याच गावचा एक्स्पोर्टचा टॉवेल गुंडाळून,
रिकामी बादली घेऊन जिन्याखालच्या दारात उभा.
दैतारी म्हणून एक पोरगं आहे त्यातलं,
त्यानं पिंप तिरकं केलं,
तळाचं होतं ते, अर्धी बादली, ओतून दिलं.
पैसे नको म्हणाला हातानंच.

"टँकर नऊशेला मिळतोय," मी आतून ओरडले.
योस्ताप्पाचे ओठ हलले.
मी त्या शब्दाची वाट बघत होते.
आला नाही.
तो बादली धरून त्या पोराकडे बघत राहिला,
आणि पोरगं
माझ्या दाराकडे.