धक्क्यावरचा फळा

बांबोळीच्या ओपीडीत माझा नंबर एकोणचाळीस.
आज नक्की असा एवढाच आकडा.

डॉक्टर फुर्तादो, माझ्या धाकटीहून लहान,
पडदा माझ्याकडे वळवते.
यकृतात पाच ठिपके. मागच्या खेपेला चार होते,
पण त्यातला एक आता आक्रसलाय.
"मग?" शालन विचारते,
बाजारात बांगड्यांचा भाव विचारावा तसं, थेट.
"काहींना महिने मिळतात, काहींना वर्षं.
यांचं कोणतं, ते मला खरंच सांगता येत नाही."
शालन पिशवीचा बंद बोटाला गुंडाळते,
सोडते,
पुन्हा गुंडाळते.

एकतीस वर्षं चोडणच्या फेरीबोटीचं सुकाणू धरलं मी.
धक्क्यावर एक काळा फळा होता.
भरती, ओहोटी, पहिली फेरी,
रोज सकाळी खडूनं लिहायचो, मिनिटासकट.
देवावर माझा विश्वास येऊन-जाऊन असायचा,
फळ्यावर कायम.
आणि आता माझंच पाणी
कोणत्या घटकेला चढेल, कधी उतरेल,
कुणाच्याच कोष्टकात नाही.

रोहिदासचा कुवेतहून फोन.
"बाबा, रजा वर्षातून एकदाच. आता चतुर्थीला येऊ
की नाताळात?"
पोरगा वाईट नाही. तिकिटं महाग आहेत.
तो तारीख विचारतोय, पण कसली,
ते आम्ही दोघंही बोलत नाही.
"डॉक्टर काय म्हणाले?"
"बरं चाललंय म्हणाले," मी म्हणतो,
आणि शालन माझ्याकडे बघते
मी खोटं बोलल्यासारखी.
खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.
त्याला म्हटलं, उद्या सांगतो.

परतीच्या बोटीत बसायला जागा मिळाली.
लोक ओळखतात अजून, कुणीतरी उठतं.
कांदळवनावरून चिखलाचा वास.
सुकाणूवर नवा पोरगा, कानात वायर घालून.
फळा आहे तिथेच, पण खाऱ्या हवेनं करडा झालेला.
"शेवटची फेरी" एवढं वाचता येतं,
पुढची जागा कोरी.

ती मीच कोरी ठेवायचो.
रात्री लोक विचारायचे, "पात्रांव, निमाणी बोट केन्ना?"
मी म्हणायचो, साडेदहाच्या सुमारास. बघू.
चिडायचे. सरकारी नोकर आणि बघू कसलं?
पण उतारावर लांब एखादा दिवा दिसला
तर फळी उचलायला हात होत नसे माझा.
कुणाची बायको बाळंत असेल,
कुणी नुसताच पिऊन उशीर केलेला.
एकदा अशाच एका दिव्यासाठी
अकरा मिनिटं थांबवली बोट.
सगळे शिव्या घालत होते.
शेवटी मीच उतरून चालत गेलो,
तर एक म्हातारा, गुडघाभर चिखलात,
विजेरी घेऊन कुर्ल्या शोधतोय.
"येतोस?" म्हटलं.
"खंय?" म्हणाला.
त्याला कुठेच जायचं नव्हतं.

हे आत्ता का आठवलं, ठाऊक नाही.
फुर्तादोबाईंचा मला राग आला होता दुपारी,
तो मात्र नदीच्या मधोमध कुठेतरी उतरला.
साडेदहाच्या सुमारास, बघू.
तिनं दुसरं काय सांगितलं?

रात्री मीच फोन लावला.
म्हटलं, रजा तुझी, ठरव तू.
मला विचारशील तर चतुर्थीला ये.
माटोळी बांधायला उंच माणूस लागतो,
आणि मला हात वर केले की धाप लागते.
पलीकडे थोडा वेळ नुसता एसीचा आवाज.
नाताळाचं त्यानं काढलं नाही. मीही नाही.
मग म्हणाला, "शिडी आहे ना घरात?"
आहे, म्हटलं.
पण एक पाय डुगडुगतो तिचा.