डाव्या खिशात

जुहूच्या धावपट्टीवर कधीकाळी
विमानं नसलेल्या रविवारी
मोटारी पळायच्या.
वळणावळणाला गवताचे भारे, वसईहून आणलेले;
संध्याकाळी तेच तबेल्यात जात.
पेट्रोलच्या वासानं एका म्हशीनं
दोन दिवस तोंड लावलं नाही,
हे बाबलमामा हमखास सांगायचा.

त्याच्याकडे केकी शेठच्या फेऱ्या मोजायचं काम.
वीस चिंचोके डाव्या खिशात.
हिरवी गाडी समोरून गेली
की एक उजव्यात.
लिहिणार कसा? हातात निशाण.

शेवटच्या वर्षी, विसाव्या फेरीला,
समुद्राकडच्या वळणापलीकडे
आवाज होता,
मग नव्हता.
भारे उधळलेले, वर एक चाक
अजून फिरतंय.
शेठ आपल्या पायांनी परत आले,
एक बूट हातात घेऊन.
पुढच्या वर्षी परवानगी आली नाही.
त्याच्या पुढच्याही.

आता कुंपणाआड हेलिकॉप्टरं उतरतात.
रिक्षावाल्याला वळण विचारलं तर म्हणतो,
कुठलं वळण?

मामा गेल्यावर त्याचा कोट
कुणाला तरी द्यायला काढला, खिसे उलटे केले.
उजव्यात सुपारीचा चुरा.
डाव्यात एक चिंचोका,
रोज कुणी चाचपावा
इतका गुळगुळीत.