नाकासमोर

रुस्तावीच्या गाड्यांच्या बाजारात ती सापडली
तेव्हा तिचं उजवं अंग आत गेलं होतं.
परमुलखात कुणाचा तरी अपघात,
मग लिलाव, मग जहाज, मग पोतीचं बंदर,
आणि शेवटी आमच्या गॅरेजच्या दारातली ओली फरशी.
ओतार, माझे वडील, उताणे झोपून तिच्याखाली सरकले.
बराच वेळ नुसते बूट दिसत होते.
मग आवाज आला,
"कणा शाबूत आहे. बाकीचं बघू."

मागच्या सीटखाली एका लहान मुलाचा मोजा निघाला.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

एकोणीस वर्षं त्यांनी पोलादाच्या कारखान्यात
नळ सरळ केले.
भट्टी थंड झाली तेव्हा घरी काय आणलं,
तर एक ओळंबा आणि सरळ रेषेचं खूळ.
भिंतीवरची तसबीर कलली तर घास टाकून उठतात.
मला लहानपणापासून एकच सांगणं,
ग्वांत्सा, नाकासमोर चाल.

आणि आता तेच, ओठांत पेन्सिल धरून,
अंश मोजत माझी पुढची चाकं कलती करतात.
मागच्या डिफरन्शियलला वेल्डिंग मारून
दोन चाकांना एकाच हट्टाला बांधतात,
म्हणजे गाडी आडवी जाईल
आणि आडवी जाऊनही कह्यात राहील.
"वाकडं करायचं तेही मोजून," म्हणतात,
"नाहीतर ते नुसतंच मोडलेलं असतं."

संध्याकाळी ट्रॅक.
तिसरा गिअर, हँडब्रेक,
आणि मागचं अंग सुटतं, वेणी सुटावी तसं.
गाडीचं नाक डोंगराकडे, मी नदीकडे.
समोरच्या काचेत रस्ता नसतोच,
तो बाजूच्या खिडकीत असतो.
तिथे बघायचं,
स्टिअरिंग सोडून द्यायचं,
ते आपणहून गरगरतं,
आणि नेमक्या जागी, पडतं मूल झेलावं तसं,
ते झेलायचं.
हे शिकवता येत नाही.
त्यापायी फक्त टायर जाळता येतात,
बाजारातून पोत्यासारखे उचलून आणलेले,
जोडीला न जुळणारे, दुसऱ्यांचे टायर.

वडील बघत नाहीत.
टायरांच्या ढिगामागे ट्रॅककडे पाठ करून
सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकतात.
नंतर सालं थुंकत एवढंच,
"भिंतीपाशी पाय काढलास."
काढला होता.
भिंतीला जितकं चिकटून जाल तितके गुण,
आणि ती भिंत काही आपली बाजू घेत नाही.

त्या रात्री नाही काढला.
धूर आधी आत आला, मग भिंत.
एक जाड, कोरडा आवाज. इंजिन चालूच.
बंपर वीस पावलांवर जाऊन पडला.
आरसा लोंबतोय, आणि त्या आरशात वडील,
तोंड ट्रॅककडे,
मुठीतल्या बिया तशाच.

लोक ओरडत होते. गुण किती मिळाले
ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मध्यरात्री गॅरेज.
तेल गरम असतानाच सोडलं,
पांढऱ्या फडक्यावर धरून लोखंडाचा कीस आहे का पाहिलं.
चाकांच्या खोबणीतून रबराच्या वळ्या ओरबाडल्या.
बंपरच्या चिरेला दोन्हीकडे भोकं पाडून
प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी टाके घातले.
ते त्यांनी घातले, टाके एका मापाचे.
उजवं अंग पुन्हा तिथेच, तसंच आत गेलेलं.

मग बॅटरी त्यांनी माझ्या हातात दिली
आणि स्वतः डबा उलटा करून त्यावर बसले.
मी सरकले खाली.
गार फरशी, पाठीला रबराची कचकच.
एकेका बोल्टवर त्यांनी रंगाची रेघ मारलेली,
अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर.
रेघ जुळली तर घट्ट.
जुळली. जुळली.
मागच्या डाव्या हातावरची सरकली होती.

"किती?" वरून विचारलं.
केसभर.
"मग उठतेस कशाला," ते म्हणाले,
आणि त्यांचे बूट पान्याकडे गेले.